शिडाच्या वाटेवर डोळे
(कॅलिफोर्नियाच्या पहिल्या मिशनांची अन्नकथा)

संत योसेफाच्या सणाला प्रवचन करणे वाटते तितके सोपे नाही. शुभवर्तमानात हा पुरुष एकही शब्द बोलत नाही. तो स्वप्ने पाहतो, उठतो आणि सांगितलेले काम करतो. त्यामुळे १९ मार्च जवळ आला की आम्ही धर्मगुरू योसेफाच्या मध्यस्थीच्या कथा धुंडाळू लागतो. सेमिनरीच्या वाचनालयात मला अशीच एक कथा सापडली होती. पुढे कित्येक वर्षे ती मी श्रद्धेने सांगत आलो, आणि लोकांनीही ती तितक्याच श्रद्धेने ऐकली. ती थोडक्यात अशी.

१७७० सालचा मार्च महिना. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर, आज जेथे अमेरिकेतील सान दिएगो शहर आहे तेथे, मूठभर स्पॅनिश सैनिक आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू कुडाच्या झोपड्यांत दिवस कंठीत होते. अन्न संपत आले होते. मोहिमेचा प्रमुख कॅप्टन गास्पार दे पोर्तोला याने निर्णय जाहीर केला की, संत योसेफाच्या सणापर्यंत रसदीचे जहाज न आल्यास दुसऱ्या दिवशी वसाहत मोडून सर्वांनी मागे फिरायचे. मिशनांचे अध्यक्ष फादर हुनिपेरो सेरा यांना हे सहन होईना. सर्व गेले तरी आपण आणि फादर हुआन क्रेस्पी येथेच राहू, असे त्यांनी ठरविले आणि योसेफाच्या नावाने नोव्हेना आरंभिला. नववा दिवस उजाडला. मिस्सा झाली. दुपार कलली आणि क्षितिजावर एक शीड दिसले! ते लगेच दिसेनासे झाले, पण पोर्तोलाचे मन पालटले. त्याने मुक्काम वाढवला. चौथ्या दिवशी ‘सान आंतोनियो’ हे जहाज धान्य घेऊन बंदरात शिरले. पुढे आयुष्यभर फादर सेरा दर महिन्याच्या १९ तारखेला कृतज्ञतेची गायन-मिस्सा करीत असत.

कथा खोटी नाही. सेरांचे शिष्य आणि सहकारी फादर फ्रान्सिस्को पालोव यांनी ती १७८७ साली प्रसिद्ध झालेल्या सेरा-चरित्रात नोंदवली आहे. परंतु ते जहाज मुळात सान दिएगोला येतच नव्हते, हे मला फार उशिरा कळले. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या किनाऱ्याचे महत्त्व स्पॅनिश दर्यावर्दींना पटले ते मनिलाच्या गलबतांमुळे. फिलिपिन्सहून निघालेली मोठी जहाजे उत्तर पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागत आणि तेथून दक्षिणेला मेक्सिकोतील अकापुल्कोकडे उतरत. आमच्या वसईच्या वाचकांना या मार्गावरचे एक जहाज तरी परिचित असेल. १५९६ साली मनिलाहून अकापुल्कोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले; त्यावरील माल जप्त झाला आणि त्यातून उद्भवलेल्या छळात, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, आपले संत गोन्सालो गार्सिया नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर चढले. जी जहाजे सुखरूप पार होत, त्यांचे खलाशीही कॅलिफोर्नियाचा किनारा दिसेपर्यंत हिरड्या सुजून आणि सांधे धरून अर्धमेले झालेले असत. महिनोन्‌महिने कोरडी बिस्किटे आणि खारवलेले मांस खाऊन होणारा हा स्कर्व्ही रोग; ताजी फळे वा भाजी मिळाली की तो मावळतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. अशा गलबतांना विसावा घेता यावा म्हणून सेबास्तियान विस्काइनो याने १६०२ साली किनारा धुंडाळला आणि मॉन्तेरे नावाच्या बंदराचे मोठे रसभरित वर्णन लिहिले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तेथे कोणी वस्तीसाठी फिरकले नाही.

रशियन लोक उत्तरेकडून खाली सरकत असल्याच्या वार्तांनी स्पेनच्या दरबाराला जाग आली. राजाचा निरीक्षक होसे दे गाल्वेझ याने मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, खारफुटीच्या दलदलीत, १७६८ साली सान ब्लास हे बंदर वसविले आणि तेथून नव्या प्रदेशाला रसद पुरविण्याचा बेत आखला. येशूसंघीयांना त्याच सुमारास राजाज्ञेने बाखा कॅलिफोर्नियातून हाकलण्यात आले होते. त्यांची मिशने फ्रान्सिस्कनांच्या हाती आली. ही मिशने मुळातच गरीब होती. तरी नव्या मोहिमेसाठी त्यांच्याच गोठ्यांतील गुरे, खेचरे, कोठारांतील धान्य, इतकेच काय, देवळांतील घंटा आणि मिस्सेची वस्त्रेही उचलण्यात आली. एका दरिद्री घराची चूल विझवून दुसऱ्या घराची पेटवावी, तसा हा प्रकार.

सान ब्लासहून सान दिएगो नकाशावर फार दूर वाटत नाही. परंतु त्या किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून वाहतो आणि समुद्राचा प्रवाहही दक्षिणेकडे जातो. उत्तरेला जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला दोन्ही प्रतिकूल. परतीचा प्रवास सोपा, जाण्याचा जीवघेणा. त्यात दर्यावर्दींच्या पोथ्यांत सान दिएगोचे अक्षांश चुकीचे, प्रत्यक्षाहून उत्तरेला दिलेले. ‘सान कार्लोस’ हे जहाज १७६९ च्या जानेवारीत ला पाझहून निघाले. पाण्याची पिंपे गळू लागली, वाटेत भरलेले पाणी वाईट निघाले, बंदर ओलांडून जहाज पुढे गेले आणि पुन्हा मागे आले. सुमारे ११० दिवसांनी, २९ एप्रिलला, ते सान दिएगोला पोचले तेव्हा नाव खाली सोडायलाही धडधाकट माणूस उरला नव्हता. त्याचे सारे खलाशी पुढे मरण पावले. एक खलाशी आणि एक आचारी तेवढे वाचले. त्याच्यामागून निघालेले ‘सान आंतोनियो’ सुमारे ५५ दिवसांत त्याच्याआधी पोचले होते. ‘सान होसे’ नावाचे तिसरे जहाज धान्यासह कायमचे नाहीसे झाले.

अशा इस्पितळवजा छावणीत, १६ जुलै १७६९ रोजी, फादर सेरांनी क्रूस उभारून पहिले मिशन स्थापिले. पोर्तोला दोन दिवस आधीच मॉन्तेरेच्या शोधात उत्तरेला गेला होता. विस्काइनोने त्या बंदराचे इतके कौतुक केले होते की, प्रत्यक्ष तो उघडा उपसागर समोर असूनही कोणी ओळखला नाही! मंडळी तशीच पुढे गेली, सान फ्रान्सिस्कोचा विशाल उपसागर पाहून मागे फिरली आणि परतीच्या वाटेवर आपलीच खेचरे मारून खाऊ लागली. मीठही नव्हते. २४ जानेवारी १७७० रोजी ती सान दिएगोला पोचली तेव्हा त्यांच्या अंगाला खेचरांचा दर्प येत होता. त्या प्रवासात त्यांच्या पोटात जे काही बरे अन्न गेले, ते सांता बार्बराच्या खाडीकाठच्या चुमाश लोकांनी मण्यांच्या बदल्यात दिलेले मासे होते.

इकडे सान दिएगोत वेगळेच चालले होते. तेथील कुमेयाय लोक पाहुण्यांच्या कापडावर तुटून पडत, रात्री नावेने जाऊन जहाजाचे शीडही कापून नेत. पण अन्नाला मात्र स्पर्श करीत नसत. मुलाच्या तोंडात साखरेचा खडा घातला तर ते थुंकून टाकी. हे अन्न खाऊनच हे लोक मरत आहेत, असा त्यांचा समज झाला होता. पालोव याला ईश्वरी कृपा म्हणतात, कारण त्यांना अन्न आवडले असते तर कोठार केव्हाच रिते झाले असते. मला मात्र त्या कुमेयायांच्या तर्कात काही वावगे दिसत नाही. तंबूंच्या रांगेतून रोज एक प्रेत बाहेर पडताना जो पाहतो, तो त्या तंबूतले जेवण कशाला जेवेल?

आता ‘सान आंतोनियो’कडे वळू. १७६९ च्या जुलैत मोजक्या खलाशांनिशी ते रसद आणण्यासाठी सान ब्लासला परत गेले होते. माल भरून कप्तान हुआन पेरेझ निघाला तो थेट मॉन्तेरेकडे, कारण पोर्तोला तेथे तळ देऊन बसला असेल अशीच सर्वांची कल्पना होती. १९ मार्चला दिसलेले शीड म्हणजे सान दिएगोला वळसा घालून उत्तरेला चाललेले जहाज होय. पाणी भरण्यासाठी ते सांता बार्बराच्या खाडीत थांबले. तेथे त्याचा एक नांगर तुटून गेला, आणि किनाऱ्यावरच्या चुमाश लोकांनी खुणांनी सांगितले की, तुमची माणसे इकडून उत्तरेला गेली आणि पुन्हा दक्षिणेला परतली. हे ऐकून पेरेझने जहाज फिरवले.

म्हणजे नोव्हेनेचे उत्तर घेऊन येणारे जहाज वळले ते स्नानसंस्कार न झालेल्या, ज्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत अशा कोळ्यांच्या शब्दावर. त्यांनी खोटे सांगितले असते, किंवा काहीच सांगितले नसते, तर वसाहत त्याच आठवड्यात उठली असती. मी माझ्या प्रवचनात त्यांना कधी जागा दिली नव्हती.

३ जून १७७० रोजी मॉन्तेरेची स्थापना झाली. आता पुरवठ्याची दोरी आणखी लांबली आणि ताणली गेली. जहाज वर्षाकाठी येणार. ते चुकले की वर्ष चुकले. सान दिएगोच्या पहिल्या पेरणीवर नदीच्या पुराचे पाणी फिरले. बी-बियाणे कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात टाकावे हे स्पेन आणि मेक्सिकोतून आलेल्या माणसांना ठाऊक नव्हते. १७७२ साली रसदीची जहाजे मॉन्तेरेपर्यंत चढू न शकल्याने सान दिएगोलाच थांबली. उत्तरेत हाहाकार उडाला. तेव्हा कमांडंट पेद्रो फाजेस सैनिक घेऊन दक्षिणेच्या एका खोऱ्यात गेला. पोर्तोलाच्या मंडळींनी त्याला ‘अस्वलांचे खोरे’ असे नाव दिले होते. सुमारे तीन महिने शिकार करून त्याने वाळवलेल्या अस्वल-मांसाची आणि रानबियांची सुमारे २५ खेचरांची ओझी मॉन्तेरेला पाठवली. तेथील चुमाश लोकांना या शिकारीचा आनंदच झाला. ही अस्वले माणसांवर चाल करून येत, आणि बाणांनी ती सहजी मरत नसत.

त्याच ओळखीच्या आधारावर १ सप्टेंबर १७७२ रोजी फादर सेरांनी तेथे सान लुईस ओबिस्पो मिशन स्थापिले आणि फादर होसे काव्हायेर यांना मागे ठेवून ते पुढे गेले. त्यांच्यापाशी काय ठेवले, याची यादी पालोव देतात. पाच सैनिक, बाखा कॅलिफोर्नियातील दोन ख्रिस्ती आदिवासी, दोन आरोबा, म्हणजे सुमारे २३ किलो, पीठ, थोडेसे गहू, आणि तांबड्या साखरेची एक पेटी. साखर खाण्यासाठी नव्हती. ती देऊन लोकांकडून रानबिया घ्यायच्या होत्या. एका नव्या धर्मग्रामाचा हा सारा संसार! शिष्यांना वाटेसाठी भाकर वा झोळी घेऊ नका असे प्रभूने सांगितले, तो उतारा आपण दरवर्षी वाचतो. पण तेथेच ‘ज्या घरी जाल तेथे जे वाढतील ते खा’ असेही सांगितले आहे. काव्हायेर यांनी दुसरे वाक्य पाळले, म्हणून ते जगले. घर चुमाशांचे होते.

या रानबियांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. स्पॅनिश कागदांत ‘जंगली बिया’ एवढाच उल्लेख येतो आणि वाचणाऱ्याला वाटते की, त्या आपोआप रस्त्याकडेला पडलेल्या असाव्यात. वस्तुतः हे लोक ठरावीक ऋतूत गवताळ माळ जाळून नवे बियाळ गवत वाढवीत, स्त्रिया विणलेल्या टोपल्यांत बी झोडून घेत, ओकची फळे दळून, वारंवार पाणी घालून त्यांचा कडवटपणा काढीत आणि हिवाळ्यासाठी कोठ्या भरीत. ती शेती होती. नांगर नव्हता एवढेच. उपाशी वसाहत एका भरल्या कोठाराच्या अंगणात बसून जहाजाची वाट पाहत होती.

फादर सेरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेक्सिकोला निघाले. वय ५८, पायाला जुनी जखम, वाटेत तापाने दोनदा मरणाच्या दारी. ६ फेब्रुवारी १७७३ रोजी राजधानीत पोचून त्यांनी व्हाइसरॉय बुकारेली यांच्यापुढे ३२ कलमी निवेदन ठेवले. खर्च वाचविण्यासाठी सान ब्लास बंदर बंद करून सर्व माल खेचरांवरून धाडावा, असा विचार तेव्हा सरकारदरबारी चालू होता. इतकी खेचरे, इतके हाकारे, त्यांचे पहारेकरी आणि वाटेतला त्यांचा दाणावैरण यांचा हिशेब सेरांनी मांडून दाखवला. बंदर वाचले. माझ्या मते सेरांच्या चरित्रातील हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे. चाबकाने स्वतःला फटके मारणारे, छातीवर दगड आपटून घेणारे सेरा चित्रकारांना आवडतात. कारकुनांच्या टेबलापुढे उभे राहून खेचरे मोजणाऱ्या सेरांचे चित्र मी पाहिलेले नाही. त्याच वर्षी एचेवेस्ते नावाच्या अधिकाऱ्याने नियमावली केली. तिच्यानुसार तेथील सैनिकाला पगार रोख नव्हे तर मालात मिळायचा, आणि तोही मूळ किमतीवर १५० टक्के चढवून! अशा शिपायाकडून सद्वर्तनाची अपेक्षा धरणारे लोक राजधानीत बसलेले होते.

सेरा मेक्सिकोत असतानाच सर्वांत मोठा दुष्काळ आला. रसद घेऊन निघालेले ‘सान कार्लोस’ वादळाने मागे रेटले गेले आणि त्याचा माल बाखा कॅलिफोर्नियातील लोरेटो येथेच उतरला. मॉन्तेरेत आठ महिने हाल झाले. तेव्हा तेथे असलेले पालोव सांगतात की, ३७ दिवस भाकरीचा तुकडाही कोणी पाहिला नाही. चणे किंवा घेवडा दळून दुधात कालवलेली पेज हेच जेवण. दूध हाच मान्ना ठरला. मिशनातल्या नवख्रिस्ती लोकांना फादरांनी जड मनाने रानात आणि समुद्रकाठी अन्न शोधायला मोकळे सोडले. ९ मे १७७४ रोजी ‘सांतियागो’ मॉन्तेरेत आले तेव्हा हे संकट संपले. त्याच मार्चमध्ये कॅप्टन अंझा सोनोराहून वाळवंट ओलांडून खुष्कीचा नवा मार्ग शोधत सान गाब्रिएल मिशनात पोचला होता; पण तेथल्या फादरांपाशी पाहुण्यांना वाढण्याजोगे काही नव्हते आणि त्याला बहुतेक माणसे परत पाठवावी लागली.

आता जे लिहायचे ते प्रवचनात मावत नाही. सान दिएगोचे फादर लुईस हाइमे यांनी १७ ऑक्टोबर १७७२ रोजी आपल्या वरिष्ठांना एक पत्र लिहिले. मिशनात अन्न नसल्याने स्नानसंस्कार झालेल्यांनाही आपापल्या गावीच राहावे लागते, हे त्यात आहे. सैनिकांनी गावांतील स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. आणि हेही आहे की, मॉन्तेरेला टपाल नेणाऱ्या शिपायांनी आपली जनावरे लोकांच्या शेतांत सोडली, त्यांनी सारे पीक खाऊन टाकले. हे लोक आम्हाला मारायला उठले तर नवल नाही. तीन वर्षांनी, १७७५ च्या ४ नोव्हेंबरच्या रात्री, कुमेयाय लोक शेकड्यांनी आले, मिशन जळाले आणि हाइमेच मारले गेले. ज्याने त्यांची बाजू लिहिली होती, त्याचाच बळी पडला. गुन्हेगारांना देहदंड देऊ नये, अशी विनंती सेरांनी व्हाइसरॉयला केली; हे त्यांच्या खाती जमा धरलेच पाहिजे.

जनावरे आणि शेत हीच गोष्ट कोलोरॅडो नदीकाठी पुन्हा घडली. अंझाचा खुष्कीचा मार्ग केचान लोकांच्या प्रदेशातून जात होता आणि त्यांच्या मदतीनेच नदी पार होई. तेथे स्पॅनिश वस्ती बसली, कबूल केलेल्या भेटवस्तू आल्या नाहीत, आणि वसाहतकऱ्यांची गुरे केचानांच्या पिकांत शिरली. जुलै १७८१ मध्ये उठाव झाला. चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू मारले गेले आणि तो मार्ग बंद पडला.

तोवर मिशनांच्या शेतांत गहू आणि मका पिकू लागला होता. २८ ऑगस्ट १७८४ रोजी सेरा कार्मेल येथे निवर्तले तेव्हा त्यांच्या मिशनांना उपासमारीचे भय राहिले नव्हते. भय आता दुसऱ्या बाजूला होते. गुरांचे कळप पुढे लाखांच्या घरात गेले आणि बियाळ गवताचे माळ त्यांनी फस्त केले. १७९३ साली गव्हर्नर आरियागाने माळ जाळण्यास मनाई केली. त्याबरोबर जुनी शेतीच अपराध ठरली. ज्यांच्या कोठ्या रित्या झाल्या ते मिशनाच्या पेजेकडे वळले. मिशनांच्या नोंदवह्यांत जन्मांपेक्षा दफने अधिक आहेत, आणि त्या नोंदी आमच्याच धर्मबंधूंनी प्रामाणिकपणे केल्या आहेत. २३ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वॉशिंग्टन येथे सेरांना संतपद बहाल केले तेव्हा त्या लोकांच्या काही वंशजांनी निषेध नोंदवला आणि काहींनी त्याच मिस्सेत भाग घेतला. २०२० साली कॅलिफोर्नियात सेरांचे पुतळे पाडण्यात आले. मी सेरांना संत मानतो. पण पुतळ्याभोवती दोर टाकणाऱ्या माणसाला नुसते ‘धर्मद्वेष्टा’ म्हणून वाटेला लावणे मला आता जमत नाही.

१८१० साली मेक्सिकोत स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि सान ब्लासहून येणारी जहाजे जवळजवळ बंद झाली. सैनिकांचा पगार थांबला. जहाज आले नाही तरी या वेळी कोणी अस्वले मारायला गेले नाही. मिशनांनी धान्य, चामडे, कापड, साबण, सारे काही पुरवले, आणि ते पिकविणारे व विणणारे हात मिशनांतील आदिवासींचे होते. १८२४ च्या फेब्रुवारीत सांता इनेस, ला पुरिसिमा आणि सांता बार्बरा येथील चुमाशांनी उठाव केला. बिनपगारी शिपायांना पोसण्याचा हा बोजा त्यामागील कारणांपैकी एक होता. ‘सान आंतोनियो’ला परतीची दिशा सांगणारे लोक याच खाडीच्या काठचे. मधल्या काळात ५४ वर्षे गेली होती. सांता बार्बराचे बरेच जण डोंगर ओलांडून आतल्या दलदलीच्या प्रदेशात पळून गेले. फादर त्यांच्यामागे गेले, माफीचे वचन दिले आणि जूनमध्ये त्यांतील बहुतेकांना घेऊन मिशनात परतले.